हितं उघड

डीएससी_०४२३. या नावाचे आमच्या स्टुडिओत १२६ फोटो आहेत. मी मोजलेत. एकात नवरी मुंडावळ्या सावरतेय, एकात आचारी जिलेबीच्या कढईमागे घाम पुसतोय, एकात नुसताच मांडवातला पंखा आहे. डिजिटल कॅमेरा फोटोला नाव देत नाही, नंबर देतो, आणि तोही चार आकडी. ९९९९ झाले की पुन्हा १ पासून. सेटिंग तसं असेल तर नवीन कार्ड घातलं की लगेच १ पासून. त्यामुळे फोटो कुणाचा, कुठल्या गावचा, कुठल्या लग्नातला, हे त्याच्या नावावरून कधीच कळत नाही. ते एकाच गोष्टीवरून कळतं: तो पडलाय कुठल्या फोल्डरात.

हा लेख एका फार छोट्या सोयीबद्दल आहे. तिला सॉफ्टवेअर म्हणायलाही संकोच वाटावा इतकी छोटी. कॉम्प्युटरवर एखादा फोल्डर उघडा आहे, त्यात राइट क्लिक केलं, की त्याच जागी कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडते. संपलं. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे कुठल्या ना कुठल्या रूपात ती सापडते आणि जे रोज वापरतात त्यांना ती आहे हेही जाणवत नाही. मी पुण्यात एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. काळी खिडकी हेच माझं ऑफिस, तिच्यात मी दिवसभर असते, त्यामुळे बाहेरून तिच्यात यायला पूल लागतो हा विचार मला कधी शिवला नव्हता. तो शिवला २०२१ च्या मे महिन्यात, कराडला, पप्पांच्या स्टुडिओत.

तेव्हा मी घरून काम करत होते. लग्नं २५ माणसांत आणि दोन तासांत उरकायचा नियम होता, म्हणजे आमचा सीझन बुडालेलाच होता. शटर अर्धं खाली. आणि त्या अर्ध्या शटरखालून वाकून वेगळीच गिऱ्हाइकं यायला लागली होती. मास्क न काढता, दारातूनच विचारायची, "हार घालायला फोटो पायजे होता."

सोबत बहुतेक वेळा आधार कार्ड असायचं. खेड्यातल्या साठी-सत्तरीच्या माणसाचा एकट्याचा असा फोटो पुष्कळदा तेवढाच असतो. डोळे ताणलेले, मागे पांढरा पडदा, चेहऱ्यावर चोर पकडल्याचा भाव. हाच मोठा करून द्या म्हणायचे. पप्पा तो उजेडाकडे धरून बघायचे आणि म्हणायचे, "ह्यात माणूस कुठाय?" मग थोडा वेळ गप्प. मग, "थांबा. उंब्रजला तुमच्या मेव्हण्याच्या लग्नात फेटा बांधून बसले होते ते. पंगतीत नाय, पाहुणे उतरवून घेताना. हाय फोटो. उद्या या."

हे नाटक नव्हतं. पप्पांना खरंच आठवतं. तीस वर्षं त्यांनी आमच्या भागातली लग्नं काढली आहेत, आधी रोलवर आणि मग कार्डावर, आणि कुणाच्या मांडवात कोण कुठे बसलं होतं हे त्यांच्या डोक्यात असतं. प्रश्न एवढाच होता की फोटो डोक्यात नव्हते, डिस्कवर होते. प्लास्टिकच्या खोक्यात रुमालात गुंडाळून ठेवलेल्या अकरा एक्स्टर्नल हार्ड डिस्क, त्यातल्या चार-पाच तरी म्हाताऱ्या झालेल्या. लावल्या की टक्-टक् असा आवाज करायच्या. ज्यांनी हा आवाज ऐकलाय त्यांना माहीत असेल, तो ऐकून पोटात कसं होतं.

अशा डिस्कवरचा फोल्डर नेहमीसारखा उघडला तर काय होतं? खिडकी प्रत्येक फोटोचं छोटं चित्र काढून दाखवायचा प्रयत्न करते. म्हणजे हजार फोटो असतील तर हजार फायलींना हात लावते. म्हातारी डिस्क पहिल्या खराब फाइलपाशी अडते, खिडकी पांढरी पडते, वरती "नॉट रिस्पॉन्डिंग". पप्पा अशा वेळी डिस्कची वायर काढून पुन्हा लावायचे, जी गोष्ट बघून माझा जीव वरखाली व्हायचा. मी पहिलं काम केलं ते म्हणजे चित्रांऐवजी नुसत्या नावांची यादी दिसेल असं सेटिंग लावलं. दुसरं, ठरवलं की आता कुठलाही फोल्डर आत जाऊन बघायचा नाही. आधी तो काळ्या खिडकीतून चांगल्या डिस्कवर उतरवायचा, मग तिथे बघायचा.

आणि इथे आम्ही बापलेक अडलो.

"पप्पा, कुठला फोल्डर?"

"हा की. हितं."

"हितं म्हणजे कुठं? पाथ सांगा."

"पाथ कसला? हितं म्हणतोय ना. दिसतंय न्हवं?"

दिसत होतं. त्यांच्या खिडकीत दिसत होतं. माझी काळी खिडकी शेजारीच उघडी होती आणि तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. ती आपली सी ड्राइव्हवर, माझ्या नावाच्या फोल्डरात बसलेली. तिला उंब्रजला न्यायचं तर मला टाइप करायला हवं होतं: जी ड्राइव्ह, लग्न २०१३, मे, मग गावाचं नाव, मोकळी जागा, तारीख, मोकळी जागा, "कॅमेरा २", आणि शेवटी कॅमेऱ्यानेच बनवलेला आकडी नावाचा फोल्डर. एक अक्षर चुकलं की खिडकी सांगणार, अशी जागाच नाही.

आमच्याकडे जमिनीचं असंच असतं. सातबारावर गट नंबर असतो, त्याला चुकायची मुभा नाही. आणि माणसं सांगताना सांगतात, पाराच्या पलीकडं, ओढा उतरला की डाव्या हाताला, बाभळीचा बांध. दोन्ही पत्ते एकाच रानाचे. तलाठ्याला बाभळ चालत नाही आणि म्हाताऱ्याला गट नंबर पाठ नसतो. पप्पांना त्यांचे फोल्डर बाभळीने ठाऊक होते: कुठल्या डिस्कमध्ये, यादीत वरून साधारण कितव्या ओळीला, कुणाच्या खाली.

माझ्या धंद्यातली माणसं अशा वेळी मनातल्या मनात हसतात. पाथ येत नाही म्हणजे कॉम्प्युटर येत नाही. मला हे हसणं पटत नाही. त्या महिन्यात तर मुळीच नाही, कारण सर्च मारून काहीही सापडणार नव्हतं. डीएससी_०४२३ शोधून १२६ फोटो मिळतात आणि त्यातला मेलेल्या माणसाचा कुठला हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. तो माणूस "हितं" म्हणत होता. ते "हितं" दुसऱ्या खिडकीला कळवायचं कसं, एवढाच प्रश्न होता.

दोन खिडक्यांना एकमेकींची जागा का कळत नाही, याचं कारण जुनं आहे. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला स्वतःची एक "सध्याची जागा" असते. काळ्या खिडकीत तुम्ही नुसतं फाइलचं नाव टाइप केलं की ती त्या जागी शोधली जाते. युनिक्समध्ये ही जागा विचारायची कमांड आहे, पीडब्ल्यूडी. आपल्याकडे पीडब्ल्यूडी म्हटलं की रस्त्यातले खड्डे आठवतात, पण कमांड बिचारी प्रामाणिक आहे, कुठे उभे आहात ते एका ओळीत सांगते. जागा बदलायची ती सीडी. आणि नवीन प्रोग्राम सुरू झाला की त्याला जागा वारशाने मिळते, ज्याने त्याला सुरू केलं त्याच्याकडून. एकदा सुरू झाला की त्याचं तो बघतो. बाहेरून कुणी त्याची जागा बदलू शकत नाही. पोटचं पोरसुद्धा नाही.

डेनिस रिची यांनी युनिक्सच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल लिहून ठेवलेला एक किस्सा मला फार आवडतो. पीडीपी-७ या मशीनवर त्यांनी नवी पद्धत बसवली: प्रत्येक कमांड चालवायला एक नवं पोर जन्माला घालायचं, त्याने काम करायचं आणि संपून जायचं. सगळे खुशीत असताना लक्षात आलं की जागा बदलायची कमांड (तेव्हा तिचं नाव लांब होतं, सीएचडीआयआर) चालेनाशी झाली आहे. खूप कोड वाचला, काही सापडेना. शेवटी उलगडलं: कमांड अगदी बरोबर चालत होती. पोर जन्माला येत होतं, जागा बदलत होतं, आणि मरत होतं. बाप होता तिथेच. म्हणून मग जागा बदलायचं काम पोरावर न सोपवता बापाने स्वतः करायचं असं ठरलं, आणि सीडी आजही तशीच चालते. मी पुण्याला गेले म्हणून पप्पा काही कराडमधून हलले नाहीत, त्यातलाच प्रकार.

याचा अर्थ, आधीच उघडी असलेली काळी खिडकी माउसने ओढून उंब्रजला नेता येत नाही. एकच करता येतं: नवी खिडकी उंब्रजलाच जन्माला घालायची. ती सगळी सोय म्हणजे एवढीच.

हा पूल बांधायची गरज किती जुनी आहे ते बघून गंमत वाटते. १९८४ चा मॅकिंटॉश आला तेव्हा त्यात काळी खिडकी नव्हतीच, फक्त फोल्डरांची चित्रं, म्हणून प्रश्नच नव्हता. डॉसवाल्यांकडे उलटं, नुसती कमांड. तिथे १९८६ मध्ये जॉन सोचा यांचं नॉर्टन कमांडर आलं: वर दोन निळ्या पाट्यांत फायलींच्या याद्या आणि खाली कमांडची ओळ. यादीतल्या फाइलवर उभं राहून दोन बटणं दाबली की तिचं नाव खालच्या ओळीत उतरायचं. मला वाटतं या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात सुंदर कल्पना ती आहे, कारण तिथे दोन खिडक्याच नव्हत्या, डोळे आणि तोंड एकाच चेहऱ्यावर होते. मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा यांनी १९९४ मध्ये त्याच धर्तीवर मिडनाइट कमांडर लिहिलं. सर्व्हरवर ते मी अजून वापरते.

मग विंडोज ९५ आलं. डिरेक्टरीचं नाव बदलून फोल्डर झालं, काळी खिडकी स्टार्ट मेनूच्या आत कुठेतरी गेली. आणि ज्या लोकांनी ते चित्रांचं घर बांधलं, त्यांच्याच गटातल्या मंडळींनी पॉवरटॉइज नावाची खेळणी फुकट वाटली, त्यात एक होतं "डॉस प्रॉम्प्ट हियर". म्हणजे ज्यांनी दार बंद केलं त्यांनाच पहिल्यांदा खिडकी लागली. एक्सपीच्या वेळी तेच वेगळं उतरवून घ्यावं लागायचं. व्हिस्टापासून ते आतच आलं, पण शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं तरच दिसेल असं, घरातल्या चांगल्या कपबश्यांसारखं. मॅकवाल्यांना फोल्डर उचलून टर्मिनलवर टाकला की त्याचा पत्ता आपोआप टाइप होतो, आणि उलट जायचं तर "ओपन" लिहून एक टिंब द्यायचं, की ती जागा चित्रांच्या खिडकीत उघडते. त्या टिंबाचा अर्थ "इथे". लिनक्सवरच्या डॉल्फिनमध्ये तर एफ-४ दाबलं की खालच्या भागात टर्मिनल येतं आणि वर तुम्ही फोल्डर बदलत गेलात की ते मागोमाग येतं, पदराला धरून चालणाऱ्या पोरासारखं.

स्टुडिओतल्या मशीनवर विंडोज ७ होतं. शिफ्टची युक्ती तिथे चालली असती. पण पप्पांचा डावा हात चहाच्या ग्लासावर असतो, आणि "ओपन कमांड विंडो हियर" हे इतर वीस इंग्रजी ओळींत त्यांना सापडेना. म्हणून मी स्वतःची ओळ घातली. रजिस्ट्रीत डिरेक्टरी, तिच्यात बॅकग्राउंड, तिच्यात शेल, तिथे एक नवी की, आणि तिच्या पोटात कमांड. कमांड अशी: सीएमडी स्लॅश के, मग सीडी स्लॅश डी, मग अवतरणचिन्हांत पर्सेंट व्ही.

या एवढ्याशा ओळीत एकही अक्षर फुकट नाही. स्लॅश के म्हणजे काम झालं तरी खिडकी बंद करू नकोस. स्लॅश डी लागतो कारण डॉसच्या काळापासून प्रत्येक ड्राइव्हची आपापली सध्याची जागा असते. नुसतं सीडी केलं तर जी ड्राइव्ह मनात उंब्रजला जाऊन बसते आणि तुम्ही मात्र सी वरच. अवतरणचिन्हं लागतात कारण पप्पा गाव आणि तारखेच्या मध्ये मोकळी जागा सोडतात, आणि मोकळी जागा दिसली की कमांडला वाटतं वाक्य संपलं. आणि पर्सेंट व्ही म्हणजे "हितं". खिडकी ज्या फोल्डरावर उघडी आहे त्याचा पूर्ण पत्ता तिथे येऊन बसतो.

मेनूत दिसायचं नाव आपण हवं ते देऊ शकतो. मी "इथे उघडा" लिहिलं होतं. पप्पांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "हे कुणाला आज्ञा करायलंय?" मग मी ते बदलून "हितं उघड" केलं.

आता आली देवनागरीची गंमत. पप्पांच्या जुन्या फोल्डरांची नावं इंग्रजी अक्षरांत आहेत, पण साधारण २०१२ नंतरची मराठीत. चित्रांच्या खिडकीत ती व्यवस्थित दिसतात. काळ्या खिडकीत त्यांच्या जागी चौकोन. नुसते चौकोन, ओळीने. कारण त्या खिडकीत प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचा खण असतो, तिचा फाँट इंग्रजीपुरता, आणि आपल्या वेलांट्या-उकार-जोडाक्षरं त्या खणांत मावत नाहीत. टाइप करायचा तर प्रश्नच मिटला. म्हणजे "उंब्रज" नावाच्या फोल्डरात त्या मशीनवर कमांडने जाणं मलासुद्धा जवळपास अशक्य होतं, दिवसभर हेच करून पगार घेणाऱ्या मला. पण "हितं उघड" केलं की खिडकी बरोबर तिथे उघडायची. समोर चौकोन दिसायचे, आत नाव शाबूत असायचं. विंडोजला नाव कळत होतं, फक्त दाखवता येत नव्हतं.

एकदा मी एका डिस्कवरच्या सगळ्या फोल्डरांची यादी एका टेक्स्ट फायलीत काढली, पप्पांना प्रिंट काढून द्यावी म्हणून. फाइल उघडली तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. पप्पा बराच वेळ बघत राहिले. "सगळी गावं प्रश्नचिन्ह झाली की गं." सीएमडी स्लॅश यू ने खिडकी सुरू केली की यादी युनिकोडमध्ये निघते आणि गावं परत येतात. ती यादी आता स्टुडिओत काचेखाली आहे.

उतरवून घ्यायला रोबोकॉपी वापरलं, ते विंडोजमध्ये असतंच. त्याचा एक स्वभाव माहीत असावा लागतो: एखादी फाइल वाचता आली नाही तर ते पुन्हा प्रयत्न करतं, आणि मुळातलं सेटिंग दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, असं आहे. गुणाकार करा, एका फाइलपायी साडेअकरा महिने. नेटवर्कवर काम करणाऱ्या ऑफिसात अशा चिकाटीचा उपयोग असेल. मरायला टेकलेल्या डिस्कवर ती कसाईगिरी आहे. मी एकच प्रयत्न, एक सेकंद थांब, असं लावलं आणि ते सगळं एका बॅच फायलीत भरून तिला "काढ" असं नाव दिलं, इंग्रजी चार अक्षरांत. झालं. पप्पांनी जागा दाखवायची, "हितं उघड" दाबायचं, काळी खिडकी आली की के-ए-डी-एच आणि एंटर.

तुमच्यातला जाणकार विचारेल, मग मेनूतच "काढ" का नाही ठेवलं, काळी खिडकी मध्ये कशाला? मी ठेवणार होते. पप्पांनीच नको म्हटलं. नेहमीच्या कॉपीत हिरवी पट्टी असते, ती पंधरा मिनिटं म्हणते, मग दोन तास म्हणते, मग परत चार मिनिटं. आत काय चाललंय ते सांगत नाही. काळ्या खिडकीत एकेक फाइल ओळीने सरकत जाते आणि जी निघाली नाही तिच्यापाशी तसं लिहून येतं. "कुठला गेला ते कळाय पायजे," म्हणाले. रोलच्या काळात डेव्हलप करताना एखादी फ्रेम जळाली तर त्यांना ती कुठली ते माहीत असायचं. गिऱ्हाइकाला ते स्वतः जाऊन सांगायचे. डिजिटल आल्यावर प्रथमच त्यांना ते परत कळायला लागलं. काही रात्री ते नुसते खुर्ची ओढून त्या सरकत्या ओळींसमोर बसलेले असायचे.

उतरलेल्या फोटोंच्या मग मी इमेजमॅजिकने पानं करायची. एका पानावर तीस छोटे फोटो, खाली नंबर. फोटोग्राफर लोक याला कॉन्टॅक्ट शीट म्हणतात, पप्पांना शिकवावं लागलं नाही. ती पानं त्या घरच्या कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर जायची, रात्री उशिरा उत्तर यायचं: "२१७. मागे उभे आहेत ते." कधी नुसता आकडा. एका मुलीने लिहिलं होतं, "३८८ मध्ये फक्त हात आहे, अक्षता टाकताना. पण तो पण द्या."

सगळे सापडले नाहीत. एका डिस्कवरचं २०१४ सालचं जवळजवळ काहीच निघालं नाही. त्या घरी पप्पा स्वतः गेले.

एक सांगायला हवं, कारण हे वाचून कुणीतरी आज रात्री घरच्या कॉम्प्युटरवर असं काही करायला बसेल. काळी खिडकी भाबडी आहे. तिच्यात डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ जातं. आणि ती "हितं" उघडली आहे म्हणजे जे काही कराल ते हितंच होणार. म्हणून पप्पांच्या मशीनवर मी "काढ" आणि "पान" या दोनच कमांडी शिकवल्या. तिसरी, डीआयआर, ते आपली आपण शिकले, माझ्या खांद्यावरून बघून.

माझ्या चुलत भावाला, वय सतरा, मी हे सगळं सांगत होते तर तो म्हणाला, ताई, पण फोल्डर लागतातच कशाला? त्याचंही खरं आहे. त्याचा पहिला कॉम्प्युटर म्हणजे फोन. आयफोन २००७ मध्ये आला आणि त्यात फायली बघायचं ॲप यायला २०१७ उजाडलं. अँड्रॉइडमध्ये फायली दिसतात, पण व्हॉट्सॲपवर आलेला फोटो खरा कुठे असतो विचारलं तर पत्ता असा: अँड्रॉइड, मग मीडिया, मग कॉम डॉट व्हॉट्सॲप, मग व्हॉट्सॲप, मग पुन्हा मीडिया. नाव आयएमजी, तारीख, डब्ल्यूए आणि चार आकडे. तारीख तरी आहे, म्हणा. पण ती फोटो काढल्याची नाही, व्हॉट्सॲपवरून आल्याची. मी त्याला विचारलं, आजीचा तो गच्चीवरचा फोटो कुठाय? तो अंगठ्याने वर सरकवत राहिला, सरकवत राहिला, तीन वर्षं मागे गेला, आणि सापडला. त्याचीही जागा आहे तर. फक्त ती त्याच्या अंगठ्यात आहे आणि दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

गेल्या वर्षी स्टुडिओत नवीन मशीन आलं, विंडोज ११. त्याच्या मेनूत "ओपन इन टर्मिनल" आधीपासूनच आहे, रजिस्ट्रीत हात घालायची गरज नाही. नवीन टर्मिनलमध्ये चौकोन जाऊन अक्षरं दिसतात, वेलांट्या अजून मधूनमधून घसरतात. मी पप्पांना म्हटलं, आता आपली ओळ काढून टाकू. नको म्हणाले. पण विंडोज ११ मध्ये अशा जुन्या पद्धतीने घातलेल्या ओळी "शो मोअर ऑप्शन्स"च्या आत जातात, एक क्लिक वाढतो. शिफ्ट धरून राइट क्लिक केलं तर जुना मेनू थेट येतो, तेव्हा आता चहाचा ग्लास उजवीकडे गेला आहे, कीबोर्डच्या पलीकडे, आणि डावा हात शिफ्टवर.

खोक्यातली एक डिस्क राहिली आहे. ती लावली की आवाजच करत नाही. पुण्यात डेटा काढून देणाऱ्या एकाला दाखवली, त्याने सांगितलेला आकडा ऐकून पप्पा काही बोलले नाहीत, रुमालात गुंडाळून परत घेऊन आले. तिच्यात कुठल्या गावची कुठली लग्नं आहेत, ते त्यांनी वहीत लिहायला घेतलंय. आत्तापर्यंत एकेचाळीस आठवली आहेत.